कुंडीखालची किल्ली

घरातल्या माणसाला घरात घेण्यासाठी घराबाहेर ठेवलेली किल्ली म्हणजे जादा किल्ली. मुंबईकर तिला चावी म्हणतात आणि बाकीचा महाराष्ट्र किल्ली म्हणतो. ऐन वेळी ती सापडत नाही, यावर दोघांचे एकमत आहे.

तिची गरज मुख्यतः लॅचने निर्माण केली. कडी-कोयंड्याचे दार आपणहून बंद होत नसे. बाहेरून कुलूप घालायचे तर ते हातात घ्यावे लागे, आणि त्याला बहुधा किल्ली लटकलेली असे. लॅचची जीभ स्प्रिंगवर असते. दार आपटले की ती खाचेत जाऊन बसते, मग आतून मूठ फिरवून दार उघडते आणि बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही. सकाळी सव्वासातला बनियन-पायजम्यातला गृहस्थ ओल्या कचऱ्याची बादली दाराबाहेर ठेवायला दोन पावले टाकतो. स्वयंपाकघराची खिडकी उघडी असते. वारा येतो, दार लागते. गॅसवर दूध असते. शाळेला निघालेल्या मुली जिना उतरू लागल्यावर तो त्या बादलीचा जो उपयोग करतो, त्याची नोंद महापालिकेच्या कचरा वर्गीकरणाच्या नियमांत नाही. घराघरांत जादा किल्ली करून घेण्याचा ठराव बहुधा त्याच संध्याकाळी होतो.

किल्ली करून घेणे सोपे असते, ती ठेवायची कुठे हा खरा प्रश्न. परंपरेने मान्य झालेल्या जागा मोजक्याच आहेत: पायपुसणे, तुळशीची कुंडी, दाराच्या चौकटीची वरची पट्टी, विजेच्या मीटरची पेटी, दाराला अडकवलेली दुधाची पिशवी आणि चपलांच्या कपाटातला एकटा उरलेला बूट. प्रत्येक कुटुंबाला आपली जागा आपणच शोधून काढली असे वाटते. यांतला बूट विशेष विचारपूर्वक निवडलेला असतो. मात्र ज्या बुटाचा जोडीदार हरवला आहे आणि तरीही जो टाकून दिलेला नाही, त्याच्यात काहीतरी असणार, एवढे अनुमान चोरालाही काढता येते. कुंडीची अडचण वेगळी आहे. लॅचची किल्ली बहुधा पितळेची असते, ती गंजत नाही. तिची लोखंडी कडी गंजते आणि झाडाला घातलेल्या पाण्याबरोबर फरशीवर तांबूस गोल डाग उमटवते. पुढे सावधगिरी म्हणून किल्ली दुसऱ्या कुंडीखाली जाते. डाग पहिल्या कुंडीशी राहतो आणि महिन्याभरात दुसरा तयार होतो.

जागा कितीही चांगली असली तरी ती उघडी पाडण्याचे काम मालकच करतो. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन आलेली व्यक्ती दारासमोर थांबते, पिशव्या खाली ठेवते, डावीकडे पाहते, उजवीकडे पाहते, वरच्या जिन्याकडे मान वळवते आणि मग वाकते. न पाहता वाकली असती तर चप्पल काढते आहे असे वाटले असते. समोरच्या दाराच्या भिंगातून हे सारे रोज पाहिले जाते, आणि तिकडूनही हे गुपित काटेकोरपणे पाळले जाते. अडचणीच्या दिवशी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर संदेश येतो: ‘आई, किल्ली कोरफडीच्या कुंडीखाली आहे, तुळशीच्या नाही.’ दोन मिनिटांनी तो पुसला जातो. पुसलेल्या संदेशाबद्दल उत्सुकता वाढल्याने ज्यांनी तो वाचला नव्हता, तेही वाचलेल्यांना विचारून घेतात.

दाराच्या दुसऱ्या बाजूला मात्र सुरक्षिततेची कमाल केलेली असते. अर्देशीर गोदरेज यांनी 1897 मध्ये मुंबईत कुलपांचा कारखाना काढला. त्याच्या काही दशके आधी, 1860 च्या दशकात, अमेरिकेत लायनस येल यांनी पिनांच्या कुलपाला आजचे रूप दिले होते. त्यात लहान पिनांची रांग असते, किल्लीचे दाते प्रत्येक पिन नेमक्या उंचीवर उचलतात, आणि एक पिन किंचित वरखाली राहिली तरी सिलिंडर फिरत नाही. दुकानात गिऱ्हाईक लिव्हर मोजून घेते, सहाचे दाखवले तर सातचे मागते, दारावर आणखी एक लोखंडी जाळीचे दार बसवते. त्या साऱ्याची किल्ली पायपुसण्याखाली असते. पायपुसण्यावर ‘सुस्वागतम्’ लिहिलेले असते.

शनिशिंगणापूरला हा विषय फार पुढे जात नाही. नेवासे तालुक्यातल्या या गावात घरांना दारे-कुलपे न लावण्याची प्रथा असून, 2011 मध्ये यूको बँकेने तिथे बिनकुलपाची शाखा उघडली. इतर गावांना शनीचा असा भरवसा नसल्याने त्यांनी शेजाऱ्यांची योजना केली आहे.

शेजारच्या काकूंकडे किल्ली ठेवणे ही महाराष्ट्रातील सर्वांत जुनी आणि आजही सर्वांत भरवशाची व्यवस्था आहे. फ्रिजच्या बाजूला खिळ्यांची एक पट्टी असते आणि तिच्यावर चार-पाच घरांच्या किल्ल्या असतात. कोणती कोणाची हे कुठेही लिहिलेले नसते, काकूंना ते दोऱ्याच्या रंगावरून कळते. नकळत पाळला जाणारा हा नियम शास्त्रशुद्ध आहे. किल्लीवर नाव किंवा फ्लॅटचा क्रमांक कधीही असू नये, कारण तशी किल्ली हरवली तर सापडणाऱ्याला पत्ताही मिळतो. (बाजारात मिळणाऱ्या रंगीत टॅगवर पत्ता लिहायला खास जागा सोडलेली असते.) या ठेवीवर व्याज द्यावे लागते, ते मात्र मालकाला. गावाहून परतल्यावर काकू किल्ली देताना सांगतात की बेसिनमध्ये दोन कप राहिले होते ते विसळून ठेवले, फ्रिजमधली कोथिंबीर टाकून दिली, आणि बेडरूमच्या भिंतीला ओल आली आहे. किल्ली फक्त झाडांना पाणी घालण्यासाठी दिलेली असते. झाडे बाल्कनीत असतात.

कामाला येणाऱ्या मावशींकडची किल्ली याहून महत्त्वाची, पण तिची गणना जादा किल्लीत होत नाही, तिला ‘मावशींकडची’ असेच म्हणतात. मावशींच्या बटव्यात मोठ्या सेफ्टी पिनेला तीन-चार घरांच्या किल्ल्या ओवलेल्या असतात. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, ही म्हण अशा घरांत मावशींच्या पाठीमागे अधूनमधून उच्चारली जाते. त्याच घरांत कपाटाची किल्ली कुठे आहे, असे मालकिणीला विचारले तर ती मावशींना फोन लावते.

कायद्याने या प्रकरणाचा विचार फार आधी केला आहे. 1860 च्या भारतीय दंडसंहितेत कलम 445 मध्ये घरफोडीची व्याख्या होती आणि तिच्याखाली एक उदाहरण होते: य याच्या घराची हरवलेली किल्ली क याला सापडते, आणि क तिने दार उघडून घरात शिरतो, तर ती घरफोडी होय. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाल्यावर ही व्याख्या कलम 330 मध्ये गेली. किल्ली हरवलेली नसून य याने स्वतःच कुंडीखाली ठेवली आहे आणि ते अख्ख्या मजल्याला ठाऊक आहे, ही शक्यता उदाहरणात धरलेली नाही. विमा कंपनीचे गणित निराळे आहे. घरफोडीच्या पॉलिसीत बळजबरीने आणि हिंसेने केलेल्या प्रवेशाची अट सहसा असते, आणि अशी अट असेल तर नुसत्या चोरीची भरपाई मिळत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये दिला. म्हणजे किल्लीने दार उघडून, आत जाऊन, जाताना ते पुन्हा नीट लावून गेलेला मनुष्य पोलिसांच्या दप्तरी घरफोड्या ठरतो आणि विम्याच्या दप्तरी जवळजवळ पाहुणा. चोराने दाराचा कोयंडा तोडला असता तर बरे झाले असते, असे म्हणण्याची वेळ मालकावर येते.

अलीकडे आकडे जुळवून उघडायची किल्लीपेटी मिळते. भिंतीत आतून बोल्टने पक्की बसवली तर ती कुंडीपेक्षा निश्चित बरी. चार चकत्यांच्या पेटीत 10,000 जुळण्या होतात. काही बटणांच्या पेट्यांत मात्र क्रमाला अर्थ नसतो. दहापैकी कोणतीही चार बटणे दाबायची असली तर जुळण्या 210 उरतात, आणि नेहमीची चार बटणे झिजून चकाकू लागली की एक. मालक आकडा म्हणून जन्मसाल निवडतो. फ्लॅटचा क्रमांक निवडणारे त्याहून दूरदर्शी, कारण तो आकडा विसरला तर वर दारावर वाचता येतो.

शेवटी नकलेचा प्रश्न उरतो. नाक्यावरचा किल्लीवाला कोरी किल्ली शिकंज्यात धरतो, दोन फेऱ्या यंत्राच्या, चार हात कानशीचे, आणि किल्ली तयार होते. कोणाच्या घराची, हे तो विचारत नाही. नक्कल नेहमी मूळ किल्लीवरून करावी, कारण नकलेवरून केलेल्या नकलेत दात्यांची चूक वाढत जाते. घरोघरी मूळ किल्ली मात्र जपून कपाटात असते, आणि किल्लीवाल्याकडे काकूंच्या किल्लीवरून केलेली मावशींची किल्ली जाते. तिसऱ्या पिढीची ही किल्ली कुलपात शिरते, पण फिरत नाही. तिला सुताएवढे बाहेर काढावे लागते, दार आपल्याकडे ओढून धरावे लागते, गुडघ्याने खालून किंचित ढकलावे लागते आणि त्याच क्षणी फिरवावे लागते. ही युक्ती घरातल्या लोकांनाच साधते, त्यामुळे बाहेरच्या माणसाला किल्ली सापडूनही दार उघडेलच असे नाही. म्हणून मुंबईहून आलेल्या मेहुण्याला कोरफडीखालची किल्ली सापडते, तो पंधरा मिनिटे झटतो, आणि अखेर तिसऱ्या मजल्यावरून काकू कठड्यावर वाकून, तळमजल्यावरच्या वॉचमनलाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगतात, “तशी नाही फिरत ती! दार आधी ओढून धरा, मग खालून गुडघा द्या!”