येण्याचे कारण : खाजगी

हॉटेलच्या काउंटरवरून तुमच्यापुढे जे जाडजूड रजिस्टर सरकवतात, त्यात नाव, पत्ता, कुठून आलात, कुठे जाणार यांच्या पंगतीत एक रकाना असतो : येण्याचे कारण. तिथे लग्न, देवदर्शन, सहल, धंदा, काहीही लिहा. कोणी वाचत नाही. बरेच जण वरच्या माणसाचंच कारण खुणा ओढून खाली घेतात. मी मात्र क्षणभर थबकते. खरं लिहायचं तर 'आपल्या कमोडचा फोटो काढणे' असं लिहावं लागेल. मग मी 'खाजगी' लिहिते आणि काउंटरवरच्या मुलाच्या छातीवरची नावाची पट्टी वाचून घेते. तेही कामातच मोडतं.

या कामाला मिस्ट्री शॉपिंग म्हणतात. हॉटेलवाले एका तपासणी करणाऱ्या कंपनीला काम देतात आणि ती कंपनी माझ्यासारख्या कुणाला तरी साधं गिऱ्हाईक म्हणून पाठवते. खोली घ्यायची, जेवायचं, झोपायचं, बिल भरायचं आणि घरी येऊन सगळ्याचा पुराव्यानिशी जबाब द्यायचा. हॉटेलातल्या कुणाला पत्ता लागता कामा नये. केलेला खर्च आणि वर थोडं मानधन मिळतं, पण तुमचा अहवाल त्यांच्या पसंतीला उतरल्यावर, आणि तेही सावकाश. ज्यांना हे 'फुकटात हॉटेल' वाटतं त्यांच्यासाठी एवढं सांगून ठेवते. आणि हेही, की या कामासाठी आधी तुमच्याकडूनच पैसे भरून घेणारा कोणी भेटला, तर तो भामटा समजावा.

असली हेरगिरी आपल्याला परकी नाही. अमात्य विश्वासाचा आहे की नाही हे बघायला कौटिल्याने अर्थशास्त्रात चार गुप्त कसोट्या सांगितल्या आहेत. धर्म, अर्थ, काम आणि भय, अशा चार वाटांनी माणूस पाठवून त्याला फितवून बघायचं. आमच्या फॉर्मात त्यातली अर्थाची तेवढी शिल्लक आहे : बारमध्ये रोख पैसे द्यायचे आणि नोट गल्ल्यात जाते की खिशात, हे तिरक्या डोळ्याने पाहायचं. अमेरिकेत १९४० च्या दशकात या धंद्याला आजचं नाव पडलं, तेव्हाही मूळ दुखणं हेच होतं. दुकानातली माणसं गल्ल्याशी प्रामाणिक आहेत का, हे मालकांना कळायला हवं होतं. पुढे हसू, नमस्कार आणि टॉवेल यांचीही मोजदाद सुरू झाली. जेवणाच्या बाबतीत फ्रान्सच्या मिशलिन या टायरवाल्यांचं नाव मोठं. त्यांनी १९०० साली मोटारवाल्यांसाठी मार्गदर्शिका काढली, १९२६ पासून खानावळींना तारे द्यायला लागले, आणि त्यांचे निरीक्षक आजही नाव न सांगता जेवतात, बिल भरतात आणि उठतात. न्यूयॉर्क टाइम्ससाठी रेस्टॉरंटांवर लिहिणाऱ्या रूथ राइशल तर केसांचे टोप घालून, निरनिराळ्या बायका बनून जेवायला जात. त्यावर त्यांनी २००५ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं.

आपल्याकडे ती चैन नाही. ओळखपत्र दाखवल्याखेरीज खोलीची किल्ली मिळत नाही, त्यामुळे इथला गुप्तहेर स्वतःच्या खऱ्या नावानिशी, पत्त्यानिशी आणि आधार कार्डावरच्या त्या फोटोनिशी दाखल होतो. टोपाची गरजही नाही म्हणा. पन्नाशीची बाई, खांद्याला कापडी पिशवी, पायात चपट्या चपला, बरोबर नवरा : हिच्याकडे दुसऱ्यांदा कोण बघतंय?

अडचण वेषाची नाही, स्वभावाची आहे. मी ज्या घरात वाढले तिथे हॉटेलात चहा गार आला तर गार प्यायची रीत होती. आमटी खारट असली तर भात जास्त कालवायचा. वेटरने 'कसं होतं?' विचारलं की 'छान', आणि बाहेर पडल्यावर घर येईपर्यंत त्या आमटीवर बोलायचं. जास्तीची चटणी मागायलासुद्धा वडील आधी घसा खाकरायचे. असल्या भिडस्त माणसाच्या हातात हे लोक कागद देतात : 'रात्री नऊनंतर फोन करून एक जादा वस्तू मागावी.' 'मेनूत नसलेला एक बदल सांगावा.' 'एक छोटी तक्रार करावी व ती सुटायला किती मिनिटं लागली ते नोंदवावं.' तक्रार करावी! वर बजावलेलं असतं, की खोटी नको, खरीच शोधावी.

पहिल्या पहिल्या कामांत मी फोनवर जे बोलायचे ते नवऱ्याला अजून तोंडपाठ आहे. "हॅलो, तुम्हाला त्रास नसेल तर एक उशी... म्हणजे असली तर... नसली तर राहू द्या, सकाळी दिलीत तरी चालेल." सकाळी उशीचं काय करायचं, हे त्या बिचाऱ्यालाही कळलं नसेल. पण दाराची बेल वाजली तेव्हा तो मुलगा दोन उशा घेऊन उभा होता, एक कडक आणि एक मऊ. म्हणाला, "कोणती लागेल ते विचारायचं राहिलं मॅडम, म्हणून दोन्ही आणल्या." फॉर्मात प्रश्न होता : 'वस्तू किती वेळात मिळाली?' सात मिनिटं. दुसऱ्या उशीला रकाना नव्हता. मी ती 'इतर शेरा' मध्ये कोंबली.

आता फोटोंचं सांगते, कारण खरी कसरत तिथे आहे. खोलीत पाऊल टाकल्यावर बॅग खाली ठेवायची नाही, पलंगावर बसायचं नाही, पंखासुद्धा लावायचा नाही. आधी फोटो. पलंगाचे चारही कोपरे दिसले पाहिजेत. पलंगाखालचा एक. कपाट उघडून एक, त्यात हँगर किती ते मोजता यावेत असा. किटली, कप, चहाची पाकिटं. खिडकीची खाच, जिथे धूळ असते. नवरा तोवर बॅग हातात धरून दारात उभा, मखरात बसवायच्या आधी गणपती ताटकळतो तसा. मग मोरी. कमोड झाकण उघडून एक, मिटून एक. जमिनीतली जाळी जवळून, केस अडकलाय का ते दिसेल अशी. आणि आरसा.

आरशाचा नियम असा, की तो स्वच्छ आहे हे दिसलं पाहिजे, पण फोटो काढणारा त्यात दिसता कामा नये. हा नियम करणाऱ्याने स्वतः कधी आरशाचा फोटो काढला नसावा. मी बेसिनच्या कठड्याखाली उकिडवी बसते, एक हात उंच करून फोन तिरका धरते आणि देवाचं नाव घेऊन बटण दाबते. फोटोत आरसा येतो, आरशात पाठीमागचं दार येतं, दारात नवरा येतो. तो बाजूला झाला की माझी बोटं येतात. बोटं टळली की आरशाखालचा चकचकीत नळ उरतो. त्या नळाच्या गोल पोटात बघावं तर एक इवलीशी, फुगीर, उकिडवी बाई फोन उगारून बसलेली. तपासणारे डोळे हे पकडतात. एकदा मला विचारणा आली होती, की नळात दिसणारी व्यक्ती कोण?

न्याहारीला निदान निर्धास्तपणे फोटो काढता येतात. एके काळी जेवणाच्या ताटाचा फोटो काढणारी बाई संशयित ठरली असती. आता अख्खा हॉलच बशीवर वाकलेला असतो. कोणी उपम्याचा काढतंय, कोणी डोशाच्या काउंटरसमोर व्हिडिओ करतंय, आणि त्या सगळ्यांत माझं हेरपण सहज खपून जातं. फरक इतकाच, की ते चांगला दिसावा म्हणून काढतात आणि मी गार उपम्यावर पापुद्रा धरला आहे तो दिसावा म्हणून. घास मोडायच्या आधी फोटो हवा, हा नियम नवऱ्याला सगळ्यात जाचतो. "घेऊ का?" असं तो हळूच विचारतो. बाकीच्या टेबलांना वाटत असेल, काय धाकात ठेवलंय बाईने.

वेळांची नोंद ही आणखी एक भानगड. कागद-पेन काढलं की वेटर ताठ होतात. म्हणून मी समोर बसलेल्या नवऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप पाठवते : 'संदीप, ८.०४, कॉफी. ८.१३ आली. हसला.' नवऱ्याचा फोन वाजतो, तो वाचतो, आणि हमखास मान वर करून संदीपकडे बघतो. गुप्ततेचं एवढं वावडं असलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. बारच्या कामाला तर त्याला न्यावंच लागतं, आणि तो लिंबू सरबत मागवतो. फॉर्म म्हणतो, बारची खासियत मागवावी. त्यामुळे ती माझ्यासाठी, सरबत त्याच्यासाठी, आणि वेटर हमखास अदलाबदल करून ठेवतो.

पावसाळ्यात महाबळेश्वरला एक काम आलं होतं. वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो त्या गावात, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर. कागदावर पहिलीच अट : 'इमारतीचा दर्शनी भाग, नावाच्या पाटीसह, दिवसाउजेडी.' बाहेर असं धुकं, की छत्री उघडली तर छत्रीचं टोक दिसेना. मी सकाळी काढला, दुपारी काढला, चहानंतर काढला. तिन्ही फोटो सारखेच : पांढरे. गुरख्याने दोनदा विचारलं, "ताई, काय हरवलंय का?" मी म्हटलं, हॉटेल. शेवटी तो स्वतः पाटीखाली जाऊन उभा राहिला आणि बॅटरी वर मारली. 'हितं हाय बघा.' फोटोत पाटी आली. अहवालात गुरख्याच्या मदतीबद्दल लिहिलं, का केली ते लिहिता येईना.

त्याच हॉटेलात खोलीला ओलीचा वास होता. चादर हाताला दमट लागत होती. महाबळेश्वरला जुलैत चादर दमट नसेल तर ती चादर नव्हे, पण फॉर्मात प्रश्न सरळ : 'बिछान्याचे कापड कोरडे व ताजे होते का? हो / नाही.' 'नाही' म्हटलं की कारण द्यावं लागतं, आणि 'सह्याद्री' हे कारण चालत नाही.

आता मला या कामातलं जे खुपतं ते सांगते. फॉर्मात शेकड्यांनी प्रश्न असतात आणि बहुतेक सगळे समोर उभ्या असलेल्या पोराबद्दल असतात. तीन घंट्यांच्या आत फोन उचलला का? नावाने हाक मारली का? डोळ्याला डोळा दिला का? हसला का? पलीकडे मालकाबद्दलचे प्रश्न शोधायला गेलं तर एकही सापडत नाही. महाबळेश्वरला त्या रात्री काउंटरवर एकच मुलगा होता. तोच फोन घेत होता, तोच किल्ल्या देत होता, मधेच जाऊन कुणाच्या तरी गीझरचं बटण दाबून येत होता. माझा फोन त्याने सातव्या घंटेला उचलला. फॉर्मात 'नाही' पडलं. त्या वेळी कामावर किती माणसं होती, असा रकाना असता तर ते 'नाही' मालकाच्या खात्यावर गेलं असतं. नसल्यामुळे ते पोराच्या पगारावर जातं की काय, ही धाकधूक मला असते. म्हणून मी प्रत्येक 'नाही'पुढे लांबलचक शेरा लिहिते. कंपनीतून कळवतात की शेरे आटोपशीर असावेत, विशेषणं टाळावीत, जे दिसलं तेवढंच लिहावं. बरं. 'काउंटरवर एक कर्मचारी दिसला. दुसरा दिसला नाही.' याच्यात विशेषण कुठे आहे?

हसण्याच्या प्रश्नावर तर माझं कायमचं भांडण आहे. रात्रपाळीचा माणूस पहाटे पाचला मला चहा आणून देतो, तो हसला नाही म्हणून त्याचा एक गुण कापायचा? त्या वेळी मी तरी कुठे हसत होते? अशा ठिकाणी मी 'हो' लिहिते. पुरावा मागितलाच तर सांगेन, अंधार होता, फोटो नीट आला नाही.

पण भिडेचं म्हणाल तर या कामाने ती बरीचशी मोडली. आता मी सरळ फोन उचलते आणि म्हणते, "बाथरूममधला दिवा लागत नाही, बदलून द्या." घसा खाकरत नाही. गंमत म्हणजे बहुतेकदा समोरचा वैतागत नाही, त्याला हायसंच वाटतं. गुपचूप सोसून घरी जाऊन चार जणांत नाव घालवणाऱ्या गिऱ्हाइकापेक्षा तोंडावर सांगणारं गिऱ्हाईक त्यांना परवडतं, असं एका वयस्कर वेटरने मला मोकळेपणाने सांगितलं. मी कोण ते त्याला माहीत नव्हतं. त्याचं नाव मी अहवालात लिहिलं, बोलणं नाही.

तेव्हा तुम्हाला एकच विनंती आहे. खोलीतली किटली तापत नसेल तर रात्रभर तिच्याकडे बघत बसू नका, काउंटरला फोन लावा आणि सांगा. पोरगा दुसरी घेऊन आला तर त्याच्या छातीवरची पट्टी वाचा. आणि निघताना तो अभिप्रायाचा कागद पुढे येतो ना, जो आपण 'सगळं छान' लिहून परत देतो, त्यावर त्याचं नाव घाला, आडनाव दिसलं तर तेही.