ज्येष्ठतेची वेटिंग लिस्ट

निवडणूक जवळ आली की कामशेतच्या टपरीपासून वडगावच्या तहसील कचेरीपर्यंत मावळात एकच हिशेब ऐकू येतो: नवख्याला मंत्रालयात कोण विचारतो? आपला माणूस ज्येष्ठ होऊ द्या, लाल दिवा आपोआप तालुक्यात येईल. (दिवा 2017 सालीच गाड्यांवरून उतरला, डोक्यातून उतरायचा आहे.) हा हिशेब मावळाने करून पाहिलेला आहे. बाळा भेगडे 2009 आणि 2014 असे दोनदा निवडून आले, जून 2019 मध्ये राज्यमंत्री झाले आणि ऑक्टोबरात त्याच मावळाने सुनील शेळके यांना नव्वद हजारांहून अधिक मतांनी निवडून दिले. दहा वर्षे वाट पाहून हाती आली ती चार महिन्यांची राज्यमंत्रिपदाची खुर्ची, त्यातही शेवटी आचारसंहिता. दिल्लीत तर याहून गंमत. मावळचे खासदार श्रीरंग बारणे यांनी 2024 मध्ये हॅटट्रिक केली, पण शिंदे यांच्या शिवसेनेच्या वाट्याला एकच राज्यमंत्रिपद आले आणि ते गेले बुलढाण्याच्या प्रतापराव जाधवांकडे. त्यांच्या टर्म चार! तीन टर्मचा ज्येष्ठ चारपुढे कनिष्ठच. आणि त्याच मंत्रिमंडळात जीतनराम मांझी, माजी मुख्यमंत्री हे खरे, पण लोकसभेत पहिल्यांदाच आलेले आणि पक्षाचे एकुलते एक खासदार, थेट कॅबिनेट मंत्री झाले. मंत्रिपद युतीच्या गणितावर मिळते. ज्येष्ठतेचा भाव चालतो तो फक्त मतदारसंघात, मते मागताना.

मग आमदार-खासदारांच्या टर्मलाच कायद्याने मर्यादा का घालू नये? बरे, मुदतीची मर्यादा आपल्याला परकी आहे म्हणावे, तर तसेही नाही. सहकारी बँकेच्या संचालकाला सलग दहा वर्षे झाली की कायदा घरी पाठवतो. 2025 पूर्वी आठच वर्षांत पाठवत असे. क्रिकेट संघटनांत सत्तरीची अट आली, तेव्हा डिसेंबर 2016 मध्ये शरद पवारांनी मुंबई क्रिकेट असोसिएशनचे अध्यक्षपद सोडले. राज्यसभेत मात्र ते होतेच. म्हणजे पतपुरवठा आणि फलंदाजी या जोखमीच्या गोष्टी; राज्य चालवणे त्यामानाने निर्धोक. गावच्या सरपंचपदाचे तर विचारूच नका. बरणीत आरक्षणाच्या चिठ्ठ्या टाकायच्या, शाळकरी पोराने त्यातली एक काढायची, आणि पाच वर्षे गाव सांभाळलेल्याचे पद त्या चिमुकल्या बोटांनी दुसऱ्या प्रवर्गाला द्यायचे. अनुभव वाया जातो अशी हाकाटी तेव्हा कोणी करत नाही.

आक्षेप येतील. पहिला: मतदार काढतोच की, कायदा कशाला? सांगोल्याने गणपतराव देशमुखांना अकरा वेळा निवडून दिले, मध्ये दोनदा घरीही बसवले. मान्य. पण एका गणपतरावांच्या साधेपणावर बाकीचे किती जण आपली सहावी-सातवी टर्म पास करून घेणार? दुसरा आक्षेप अधिक वजनदार: मुरलेले पुढारी गेले की अधिकारी राज्य करतील. लोणावळ्याने नगरपरिषदेत 2022 पासून जवळपास चार वर्षे प्रशासक अनुभवला, त्यामुळे ही भीती खोटी म्हणता येणार नाही. मात्र ती वेळ पुढाऱ्यांच्या टर्म संपल्याने आली नव्हती, निवडणुकाच न झाल्याने आली होती. आणि तेव्हा राज्यात ज्येष्ठांची काही कमतरता नव्हती. तिसऱ्या आक्षेपाला माझ्याकडे उत्तर नाही. मुदत संपली तरी पद घरातच राहील, असे लोक म्हणतात. उद्या आमदारकीचीही सोडत निघाली, तर फ्लेक्सवाल्याकडे दोन डिझाइन तयार असतील: खुली सुटली तर भाऊंच्या चिरंजीवांचे, महिला राखीव निघाली तर वहिनींचे. कोपऱ्यातला भाऊंचा हात जोडलेला फोटो दोन्हींत तोच.