वणीपर्यंत तीन गाणी

गाडीसाठी पेनड्राइव्हमध्ये गाणी भरताना आधी रस्त्याची लांबी पाहावी, जागा नंतर. यवतमाळ जिल्ह्यातील राजूर हे वणी तालुक्यातले कोळसा खाणीचे आणि चुनाभट्ट्यांचे गाव. इथल्या गाडीची नेहमीची धाव वणीपर्यंत: बाजार, दवाखाना, तहसील, बँक. कोळशाचे ट्रक आडवे आले नाहीत, तर या रस्त्यात तीन गाणी बसतात. पेनड्राइव्ह मात्र ३२ जीबीचाच घेतला जातो, कारण दुकानात त्याहून लहान मागणे कमीपणाचे वाटते. साध्या दर्जाच्या एमपी३ गाण्याला मिनिटाला साधारण एक एमबी जागा लागते. म्हणजे पाच मिनिटांची सहा हजारांवर गाणी मावतात. ती अहोरात्र वाजवली तर संपायला तीन आठवडे पुरत नाहीत.

गाणी घरच्या संगणकावरून भरता येतात. पण प्रघात मोबाइलच्या दुकानातून भरून आणण्याचा आहे. दुकानदार ‘कोणती?’ असे विचारतो, गिऱ्हाईक ‘मिक्स’ म्हणते आणि व्यवहार पुरा होतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्याला हा व्यवहार मंजूर नाही, पण काउंटरवर कायद्याची चर्चा निघाल्याचे ऐकिवात नाही. घरी आल्यावर पेनड्राइव्हमध्ये ‘नवीन’, ‘नवीन २’, ‘न्यू फोल्डर’ आणि ‘बेवफा’ असे कप्पे सापडतात. ‘नवीन’मधली गाणी बहुधा ‘नवीन २’मध्येही असतात.

दर्जाच्या वादात फार पडू नये. एमपी३ ही जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधनातून आलेली रीत. फाइलच्या नावाला हे शेपूट १९९५पासून लागते. मोठ्या आवाजाखाली दबलेला बारीक आवाज कानाला तसाही कळत नाही, तेव्हा तो वगळून जागा वाचवायची, हे तिचे मर्म. १२८ केबीपीएसला जास्त वगळले जाते, ३२०ला कमी. डिझेल गाडी, उघडी काच आणि शेजारून जाणारा भरलेला ट्रक असला की उरलेले वगळण्याचे काम रस्ताच करतो. ३२०चा आग्रह धरणाऱ्याने आधी काच वर करावी.

पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असावा. गाडीतल्या अनेक जुन्या व स्वस्त डेकना एनटीएफएस पद्धत वाचता येत नाही. ते ‘नो फाइल’ असे दाखवतात आणि मालक दुकानदाराशी भांडायला जातो. ६४ जीबीचा पेनड्राइव्ह असेल तर विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत फॅट३२चा पर्याय बहुधा दिसतच नाही; त्यासाठी दुसरी वाट शोधावी लागते. मोठेपणाची हौस ३२वरच थांबवणे सोयीचे.

आता खरी अडचण. गाडी बंद झाली की पुष्कळ स्वस्त डेक कुठवर वाजले ते विसरतात. किल्ली फिरवली की पुन्हा पहिले गाणे. त्यामुळे राजूरहून निघालेल्या गाडीत वर्षानुवर्षे तीच तीन गाणी वाजतात आणि परतताना पुन्हा तीच. बाकीची सहा हजार निवृत्तीवेतनावर असल्यासारखी नुसती पडून असतात. शफलचे बटण यावर उपाय आहे. पण ते दाबल्यावर सासूबाईंच्या शेजारी बसून ‘बेवफा’ ऐकावे लागते, म्हणून ते सहसा दाबत नाहीत.

म्हणून पहिल्या तीन जागांना महत्त्व. पहिले गाणे देवाचे, यावर एकमत असते. तिथे गजानन बावन्नी ठेवली तर अर्धा रस्ता तिच्यातच सरतो आणि उरते जेमतेम एक जागा. तिच्यासाठी आजोबांकडून तुकडोजी महाराजांचे खंजिरीभजन येते, वडिलांकडून रफी, आणि मुलाकडून असे काहीतरी, ज्यात शब्दांपेक्षा वूफरचे काम जास्त. शेजारी भीमजयंतीच्या तयारीला वणीला निघालेला असला तर वामनदादा कर्डकांचे गाणे हवेच, आणि त्याला नाही म्हणण्याची छाती कोणाचीही नसते. ‘काहून बंद केलं?’ हा मागच्या सीटवरचा प्रश्न मतभेदाची पहिली पायरी समजावी.

वाटाघाटी झाल्यावर क्रम लावायचा. फाइलच्या नावाआधी ००१, ००२ असे आकडे घालावेत, असे सगळे सांगतात. नावानुसार वाजवणाऱ्या डेकवर ते चालतेही. पण अनेक डेक नावे पाहत नाहीत. फॅटच्या यादीत ज्या क्रमाने नोंद झाली, त्या क्रमाने वाजवतात, म्हणजे जे आधी कॉपी झाले ते आधी. यावर खात्रीचा मार्ग असा: पेनड्राइव्ह पूर्ण रिकामा करावा आणि मानकरी गाणी हव्या त्या क्रमाने एकेक करून टाकावीत. हे काम मुलाकडे सोपवल्यास क्रमात चूक होते आणि ती नेहमी एकाच बाजूला झुकलेली असते.

देवनागरीतली नावे सगळ्याच डेकना वाचता येत नाहीत. पडद्यावर चौकोन किंवा प्रश्नचिन्हे उमटतात. उतरवलेल्या गाण्याच्या नावापुढे बहुधा कुठल्यातरी संकेतस्थळाचे लांबलचक नाव असते. ते पडद्यावरून सरकत संपेपर्यंत कडवे संपते.

यूएसबीची खाच नसलेल्या जुन्या गाडीत लायटरच्या १२ व्होल्टच्या भोकात एफएम ट्रान्समीटर बसवतात. तो ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झमधल्या एखाद्या मोकळ्या जागेवर गाणे सोडतो आणि गाडीचा रेडिओ ते पकडतो. राजूरला मोकळी जागा भरपूर. नागपूर जवळ आले की तीच जागा एखाद्या केंद्राने व्यापलेली निघते आणि भजनाच्या मध्येच फ्लॅटची जाहिरात सुरू होते.

ब्लूटूथने या बऱ्याच कटकटी मिटवल्या आणि एक नवी आणली. फोन आला की गाणे थांबते आणि पलीकडचा माणूस गाडीतल्या सगळ्या स्पीकरांतून उधारी मागतो. व्याही गाडीत असतील त्या दिवशी पेनड्राइव्हच वापरावा.

निगा फारशी लागत नाही. राजूरची धूळ काळी आणि पांढरी अशी दोन्ही रंगांची असते आणि दोन्ही यूएसबीच्या खाचेत शिरतात. खाचेला रबरी टोपण लावावे. उन्हाळ्यात बंद गाडी तापते, म्हणून पेनड्राइव्ह काढून खिशात ठेवतात आणि खिशातून तो कपड्यांबरोबर धुवायला जातो. आत फिरणारा भाग काही नसल्याने सुकल्यावर तो बहुधा पुन्हा वाजतो. ओलाच डेकला लावला तर मात्र दोन्ही जायची भीती असते. मग गाडी वणीला कारटेपवाल्याकडे न्यावी लागते आणि तेवढा एक प्रवास बिनगाण्याचा होतो.