तंबूतला वानप्रस्थ

शास्त्रांनी वानप्रस्थ सांगितला, पण तंबूला जोडून गरम पाण्याचे न्हाणीघर द्यायला ती विसरली. लोणावळ्यातल्या तुंगार्लीच्या तंबू-रिसॉर्टने ही चूक दुरुस्त केली आहे. उभी हयात हप्ते फेडून पुण्यात पक्क्या छताचा फ्लॅट घ्यावा आणि निवृत्तीनंतर पेन्शनमधून पैसे मोजून इथे कापडाखाली झोपावे, हा क्रम अत्यंत शास्त्रशुद्ध आहे.

याच लोणावळ्यात 1924 साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम ही योगसंस्था काढली. पण तिथे पोट स्वतःच आत ओढावे लागते! रिसॉर्टच्या स्पामध्ये सगळे कष्ट दुसराच घेतो. राजमाचीची वाट इथूनच जाते. काका-काकूंनी ती खुर्चीतून, भज्यांसोबत पाहावी.

पुढच्या पावसाळ्यात थोड्या जादा दरात छत गळण्याची, वीज जाण्याची आणि चुलीच्या धुराचीही सोय व्हावी, ही नम्र सूचना. ज्येष्ठांना धुरात सवलत असावी.

रिसॉर्टच्या रखवालदाराला हे सारे फुकट मिळते. कुंपणापलीकडे ताडपत्रीखाली तो सहकुटुंब बारमाही निसर्गात राहतो. एवढे असूनही या अरसिक माणसाने घरकुलासाठी अर्ज केला आहे.

अर्ज अजून मंजूर झालेला नाही.