बुशवाले शेठ

भिवंडीच्या बाजूला गोदामाचं भाडं खाणारा प्रत्येक जण शेठच. अंजूरचे आमचे शेठ मात्र ‘बुशवाले’.

बापजाद्यांच्या भातखाचरात गोदाम उभं राहिलं आणि शेठनी जुनी बीएमडब्ल्यू ३२५आय घेतली. कंपनीनं २००७ साली चेन्नईत कारखाना काढला, त्या सुरुवातीच्या काळातली. सहा सिलिंडर, पेट्रोल. भावकीतल्या पोरांच्या फॉर्च्युनर पाहून शेठ म्हणतात, “जल्ला, ट्रॅक्टर तो ट्रॅक्टरच!”

इंजिनाबद्दल ते चकार शब्द काढत नाहीत. जीव अडकलाय मागच्या सबफ्रेममध्ये. डिफरन्शियल आणि चाकांचे आर्म जिला धरून असतात ती ही फ्रेम, आणि तिच्या नि बॉडीच्या मध्ये चार रबरी बुश. मागच्या सीटवर दणके बसू नयेत म्हणून कंपनीनं त्या रबरात पोकळ्या सोडल्यात. शेठच्या मते सगळा घात त्या पोकळ्यांनी केलाय: “वळणाला गांड हलवते गाडी!” अंजूरफाट्यावर कंटेनरमागे ती मुळात हलते कधी, हे विचारणाऱ्याला पुन्हा चहा मिळत नाही. वडिलांचा गुडघा बदलला तेव्हाही हे डॉक्टरांना विचारून आले, “स्टॉकच टाकला ना?”

जाणत्यांनी सुचवलं, एम-थ्रीचे भरीव रबराचे बुश घाला, बेताचे कडक असतात. शेठ थेट पॉलियुरेथेनवर गेले. ॲल्युमिनियमचेही मिळतात म्हणे. ते अजून त्यांच्या कानावर गेलेले नाहीत, जाऊही नयेत.

सायलेन्सर उतरला, हँडब्रेकच्या केबल सुटल्या, आणि खाडीच्या खाऱ्या वाऱ्यानं गंजलेले बोल्ट हटून बसले. मिस्त्री म्हणाला, “शेठ, रबर जलाके निकालता हूँ.” शेठनी लेथवाल्याकडून खास पुलर बनवून घेतला. याच गावच्या नाईकांनी पेशव्यांची पाठ धरली, तेव्हा कुठे वसईची मोहीम निघाली आणि १७३९ साली किल्ला पडला. चिवटपणा मातीतच आहे.

बुश बसले, अलाइनमेंट झालं. आईला मागं बसवून शेठ भिवंडीला निघाले. डिफरन्शियलची घरघर थेट पाठीत आणि रस्त्यातला प्रत्येक खड्डा कमरेत. बाजारात उतरून आई म्हणाली, “तू जा रं बाबा,” आणि परतीला तिनं रिक्षा केली. शेठ खूश. मागचं वजन कमी झाल्यावर गाडी वळणाला आणखी घट्ट बसते, म्हणाले.