कलावंतिणीच्या पायऱ्या

आमच्या कामोठ्यातल्या सोसायटीत लिफ्ट तासभर बंद पडली, तर तातडीची सभा बोलावली जाते. या मंडळींनी दसऱ्यानंतरच्या एका रविवारी कलावंतीण दुर्ग चढायचं ठरवलं. उंची सव्वादोन हजार फुटांच्या आसपास. ‘म्हणजे काहीच नाही,’ असा सेक्रेटरींचा अभिप्राय पडला.

पनवेलहून एसटीने ठाकूरवाडी गाठली आणि चढ लागला. पहिल्या वळणावर गप्पा आटोपल्या. दुसऱ्यावर मेंटेनन्स थकवणाऱ्यांविषयीसुद्धा कुणी बोलेना. एवढ्यात डोक्यावर तांदळाचं पोतं घेतलेला माचीतला एक पोरगा ‘जरा बाजूला व्हा, काका’ म्हणत पुढे निघून गेला. काकांच्या पाठीवर फक्त थेपले होते.

प्रबळमाचीवर इतिहास सांगायला सेक्रेटरींना जोर आला. शेजारचा प्रबळगड म्हणजे मूळचा मुरंजन. नवं नाव शिवरायांनी दिलेलं. निजामशाही बुडत असताना शहाजीराजे कुटुंबासह इथे आले होते, असंही ते म्हणाले. ऐकणारे तोवर आडवे झाले होते.

मग त्या पायऱ्या. कातळात खोदलेल्या, कठड्याचं नाव नाही, आणि एकेक अशी उंच की पाय उचलताना गुडघा हनुवटीला भेटतो. पायऱ्या संपल्यावर उरतो तो निव्वळ खडक. तिथे आमचे सेक्रेटरी पदाची सगळी प्रतिष्ठा सोडून हातापायांवर आले.

माथ्यावर मात्र सगळ्यांची बोलती बंद झाली. समोर माथेरानचं लांबलचक पठार, पलीकडे चंदेरीचा सुळका, दूर कर्नाळ्याचा अंगठा. माथेरानच्या डोंगरात उगम पावणारी गाढी नदी देहरंगच्या धरणात थांबून पनवेलच्या नळाला येते. नळाला पाणी नसलं की आपण ज्याला शिव्या देतो, ते खोरं एवढं देखणं असेल असं कुणाला वाटलं होतं? शिमग्याला माचीवरचे ठाकर याच माथ्यावर हात धरून नाचतात. आमच्यातला एकही जण फोटोपुरता उभा राहायला तयार नव्हता.

उतरताना बहुतेकांनी पायांऐवजी बूड वापरलं. माचीवर लिंबूसरबत विकणाऱ्या आजींनी विचारलं, “कुठून आलात?”

कामोठ्याचं स्टेशन मानसरोवर. धापा टाकत काकांच्या तोंडून तेवढंच बाहेर पडलं, “मानसरोवरहून.”

आजींनी सगळ्यांना आपादमस्तक न्याहाळलं. “चालत आलेले दिसताय,” म्हणाल्या आणि काकांच्या सरबतात चिमूटभर मीठ जास्त टाकलं.