आधी आत्याला उतरवा

गाडी बंद पडली की आपल्याकडचा पुरुष आधी बॉनेट उघडतो. इंजिनातलं त्याला काही कळतं अशातला भाग नाही. आजाऱ्याला भेटायला गेलेले लोक उगाच रिपोर्ट चाळतात ना, तसंच हे. कमरेवर हात ठेवून तो आत बघतो, एखादी वायर हलवतो आणि ‘बॅटरी असेल’ म्हणतो. अंगावरून ट्रक जात असतात, पण त्यांच्याकडे त्याची पाठ असते.

आमच्याकडे हा मान दाजींचा. मे महिन्यात पुण्याहून साताऱ्याला लग्नाला निघालो होतो. खंबाटकीचा घाट निम्मा चढला आणि काटा लालात गेला, बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. गाडी डावीकडे घेता येईल तेवढी घेतली, पण जागा मिळाली ती नेमकी वळण संपतं तिथे. चारी इंडिकेटर लावले. आता त्यांवर विश्वास ठेवायचा कोणी? आपल्याकडे चौकात सरळ जायचं असलं तरी ते लावतात, पाऊस आला की लावतात, वरातीत तर लावतातच. खरोखर अडलेला माणूसही मागच्याला वऱ्हाडीच वाटतो. आम्ही तर होतोही वऱ्हाडीच.

म्हणून तो लाल त्रिकोण. गाडीबरोबर येतो आणि बहुतेक घरांत गाडी विकेपर्यंत प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर येत नाही. आमचा स्टेपनीशेजारी होता, स्टेपनीवर गालिचा, गालिच्यावर आंब्याची पेटी, पेटीवर आहेराच्या साड्या. मी साड्या उपसतोय, दाजी बॉनेटपाशी आणि आत्या गाडीतच.

“आत्या, खाली उतर.”

“मला काय झालंय? गाडी बिघडलीय, ती बघा.”

सगळी मेख इथेच आहे. थांबलेल्या गाडीत सावली असते, गादी असते, मांडीवर डबा असतो, त्यामुळे माणसाला वाटतं आपण घरातच आहोत. पण ताशी 80 ने येणारी गाडी सेकंदाला 22 मीटर कापते. मागच्याने मोबाइलकडे नुसतं बघितलं तरी तेवढ्यात तो आपल्या डिकीत. हे गणित आत्याला सांगितलं. “मुहूर्त टळायला आलाय आणि हा पाढे म्हणतोय,” म्हणाली. शेवटी ‘तिकडे वारा छान आहे’ म्हटल्यावर उतरली. डाव्या दाराने, डब्यासकट. पुस्तकात लिहितात, कठड्यापलीकडे उभे राहा. घाटात कठड्यापलीकडे बऱ्याचदा दरी असते! आम्ही सगळ्यांना डोंगराच्या अंगाला, रस्त्यापासून लांब बसवलं.

मग मी त्रिकोण छातीशी धरून, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून, कडेकडेने मागे चालत गेलो. तो वळणाच्या अलीकडे ठेवायचा. वळण घेतल्यावर दिसणारा त्रिकोण म्हणजे धडकल्यावर वाजलेला हॉर्न. वाऱ्याने तो दोनदा आडवा झाला. तेवढ्यात एक ट्रक पुढे जाऊन थांबला, क्लीनर उतरला, त्याने बाभळीची फांदी मोडून त्रिकोणाच्याही मागे नेऊन टाकली. “हे लांबनं दिसतं,” एवढंच बोलला. दाजी रुमाल गुंडाळून रेडिएटरचं झाकण फिरवायच्या बेतात होते, त्यांच्यावर मात्र तो ओरडला, “ओ पावणं, तोंड सोलून निघंल!” बरोबर होतं त्याचं. ते झाकण आतलं पाणी दाबून धरतं, म्हणून ते 100 अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण सैल केलं की सगळं एकदम उसळून अंगावर येतं. इंजिन गार होईपर्यंत हात लावायचा नाही.

गार व्हायला अर्धा तास तरी हवा. तेवढ्यात दाजींनी पुण्यातल्या मित्राला फोन लावला. त्यानेही बॅटरीच सांगितली. मी 1033 लावला. राष्ट्रीय महामार्गावरच्या मदतीचा तो नंबर आहे. बाकी कुठेही जिवावरचा प्रसंग आला तर 112. आत्याने तोवर क्लीनरला लाडू देऊन त्याचं गाव, जमीन आणि लग्न जमलंय का, हे सगळं काढून घेतलं होतं.

एक विनंती. चाकामागे लावलेले दगड निघताना उचलून कडेला टाका. गाडी सुरू झाल्याच्या आनंदात लोक ते भररस्त्यात सोडून जातात, आणि मग पुढची गाडी तिथेच बंद पडते.